बोट दाखवा, लिफ्ट वापरा

मतदान सक्तीचं करणारा कायदा आपल्या देशात अजून झालेला नाही. आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत मात्र तो झाला, एक दिवस चालला, आणि त्याचा अंमलदार म्हणून लिफ्टच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर मी बसलो होतो. त्यामुळे या विषयावर टीव्हीवर जे लोक तावातावाने बोलतात, त्यांच्यापेक्षा माझा अनुभव एका दिवसाने जास्त आहे.

माझी निवड का झाली ते आधी सांगतो. मी महापालिकेच्या शाळेत मास्तर होतो. मास्तराने मुलांना शिकवावं अशी सरकारची अपेक्षा असते, पण ती फावल्या वेळात. बाकीच्या वेळात तो माणसं मोजतो, मुलांना गोळ्या वाटतो आणि निवडणूक आली की केंद्रावर जाऊन बसतो. मी लागोपाठ इतक्या निवडणुकांना शाईवर बसलो, की शाळेतसुद्धा मला तळेकर मास्तर म्हणायचं सोडून लोक 'शाईवाले तळेकर' म्हणू लागले.

मतदान केंद्रावर पहिला माणूस यादीत तुमचं नाव शोधून मोठ्याने वाचतो. दुसरा तुमची सही घेतो, बोटाला शाई लावतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेऊन यंत्राचं बटण दाबतो, मग तुम्ही पुठ्ठ्याच्या आडोशाला जाता. या सगळ्यांवर एक केंद्राध्यक्ष असतो. तो दिवसभर घाम पुसतो. मी तो दुसरा. शाईची बाटली इवलीशी असते आणि धक्का लागला की कलंडते, म्हणून वाटीत वाळू भरून तिच्यात ती रोवून ठेवायची. मतदाराचं डाव्या हाताचं पहिलं बोट धरायचं, तेलकट किंवा ओलं असेल तर फडक्याने पुसायचं, आणि नखाच्या वरच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत सरळ रेघ ओढायची. लावताना ती जांभळट दिसते, उन्हात गेली की काळी पडते. नीट ओढली तर नख वाढून कापलं जाईपर्यंत राहते. मी ती नीट ओढत असे. ओळखीपाळखीची माणसं केंद्रावर भेटली की म्हणत, मास्तर, तुमची रेघ म्हणजे सोनाराचं काम. मी वरवर लाजत असे.

या कामात गंमत अशी की शाई सगळ्यात जास्त लागते ती लावणाऱ्याला. माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं निवडणुकीनंतर महिनाभर डांबरात बुडवल्यासारखी दिसायची. बायको, म्हणजे सुमन, मला त्या हाताने पुरणपोळी तोडताना बघून तोंड फिरवायची. पण डाव्या हाताचं ते एक बोट, जिथे शाई असायला हवी, ते आयुष्यभर कोरं राहिलं. कारण आमचं मत टपाली. ड्युटीवर असणाऱ्यांनी अर्ज भरायचा, कागदाच्या मतपत्रिकेवर खूण करून पाकिटात घालायची. कधी ते जमलं, कधी अर्ज भरायचाच राहिला. जमलं तेव्हाही शाई नाही, रांग नाही, कुणी नाव मोठ्याने वाचलं नाही. हजारोंची बोटं धरली, आपलं बोट कुणी धरलं नाही. हे मला लागायचं. हसू नका, खरंच लागायचं. निवृत्त झालो तेव्हा घड्याळ मिळालं, शाल मिळाली, पण मनात एकच होतं: आता पुढच्या निवडणुकीत मी साधा मतदार म्हणून रांगेत उभा राहणार आणि समोरच्याने शाई कशी लावली ते बघणार.

ती निवडणूक गेल्या वेळची. आणि तिच्या आधी आमच्या सोसायटीची सभा झाली.

सभेचं कारण होतं गटार. गेटसमोरचं गटार तुंबलेलं, आणि ते साफ करा म्हणून सांगायला गेल्यावर नगरसेवकाच्या एका कार्यकर्त्याने तोंडावर सुनावलं, "तुमच्या बिल्डिंगमधनं वोटिंगला येतं कोण? सगळे लोणावळ्याला. मग गटार पण लोणावळ्यातच साफ करून घ्या ना!" आमचे अध्यक्ष कारखानीस हे ऐकून पेटले. ते विमा कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ, मुलीकडे सहा महिने सिडनीला राहून आलेले. तेव्हापासून त्यांचं प्रत्येक वाक्य सिडनीहून निघतं.

"सिडनीला मत दिलं नाही तर दंड होतो," ते सभेत म्हणाले. "म्हणून तिथली गटारं बघा!"

"दंड नको, साहेब," सेक्रेटरी जिग्नेशभाई म्हणाले. "दंड कोणी भरतच नाय. मेंटेनन्स भरत नाय, तर दंड काय भरणार? लिफ्ट बंद करा. शाई दाखवा, लिफ्ट घ्या. नाय तर त्या दिवशी जिना."

जिग्नेशभाई पहिल्या मजल्यावर राहतात हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ठराव टाळ्यांनी मंजूर झाला. पाणी, पार्किंग आणि कबुतरं या विषयांवर वर्षानुवर्षं एकमत न झालेली आमची सोसायटी पहिल्यांदा एका आवाजात बोलली, तेही दुसऱ्यांना जिने चढायला लावण्यासाठी.

एकच बाई उठली. आमचीच.

"मी आजवर एकही मतदान चुकवलेलं नाही," सुमन म्हणाली. "पण मी इथे कुणाला बोट दाखवणार नाही. आधीच सांगून ठेवते."

"वहिनी, ज्यांनी मत दिलंय त्यांना घाबरायचं कारणच काय?" कारखानीस गोड हसले.

"मी घाबरत नाहीये. मला राग येतोय."

सगळे हसले. मीही हसलो. आणि तेवढ्यात कारखानिसांनी जाहीर केलं की बोटं तपासायला आपल्याकडे तज्ज्ञ माणूस आहे, तळेकर सर. पुन्हा टाळ्या. मला छातीवर बिल्ला लागल्यासारखं झालं. सुमनकडे मी बघितलं नाही.

मतदानाची सक्ती मी खरं तर त्याआधीही एकदा पाहिली होती. मनोरीला. मार्व्याहून फेरीबोटीत यंत्रं चढवून आम्ही आदल्या दिवशी गेलो होतो. वाटीत भरायला वाळू मागावी लागली नाही, ती शाळेच्या दारातच होती. दिवसभर कोळणी येत होत्या, मासळीचे हात तसेच. ओल्या बोटावर शाई धरत नाही, म्हणून मी एकेकीचं बोट पुसत होतो. एक तांडेल आडनावाची बाई मला म्हणाली, "मास्तर, किती पुसशील? ह्यो वास काय पुसून जानार हाय?" मी पुसत राहिलो. शेवटी तिनेच माझं फडकं घेतलं आणि आपल्या हाताने बोट घासून पुढे केलं.

जाताना तिने विचारलं, "किती वाजंपर्यंत?"

"सहा."

"माझा दादला अजून दर्यात हाय. तुमचा सायेब दर्याला सांगेल काय, आज सुट्टी दे म्हनून?"

सहाला थोडाच वेळ राहिला होता तेव्हा होड्या लागल्या. आता इथे एक नियम सांगायला हवा. सहाच्या ठोक्याला जो रांगेत असेल त्याला मत देता येतं, मग कितीही उशीर होवो. त्यासाठी आम्ही चिठ्ठ्या वाटतो, आणि त्या रांगेच्या शेपटाकडून वाटत पुढे येतो, म्हणजे मागून कुणी घुसत नाही. मी चिठ्ठ्या घेऊन बाहेर आलो तर तांडेलबाई नवऱ्याला बखोटीला धरून वाळूतून ओढत आणतेय. रात्रभर जागलेला तो माणूस अर्धा झोपेत होता.

"अगं, जेवू तर दे!"

"आधी रांगंत उभा ऱ्हा. मंग जेव, झोप, नायतर मर!"

तिने त्याला रांगेच्या शेवटी उभं केलं आणि मी पहिली चिठ्ठी त्याच्याच हातात दिली. त्याचं बोट पुसताना फडकं पुन्हा चिकट झालं. ती दारात उभी राहून बघत होती. अशी सक्ती मी नंतर कुठे पाहिली नाही.

मुलुंडला याच्या अगदी उलट माणूस भेटला. कडक इस्त्रीचा शर्ट, सही केली, शाई लावून घेतली आणि म्हणाला, "आता मी मत देणार नाही."

केंद्राध्यक्ष धावत आले. "सर, कुणीच पसंत नसेल तर शेवटचं बटण आहे ना, वरीलपैकी कोणीही नाही!"

"ते पण मला पसंत नाही."

"मग आलात कशाला?"

"नाही म्हणायला. घरी बसून नाही म्हटलं तर लोक आळशी म्हणतात."

त्या गृहस्थाला तसा हक्क होता. केंद्राध्यक्षांनी नियमाप्रमाणे शेरा लिहिला, खाली त्याची सही घेतली, आणि तो पाण्याचा ग्लास मागून, पिऊन, शांतपणे निघून गेला. आम्ही त्याला वेडा म्हणालो आणि डबे उघडले. लिफ्टपाशी बसल्यावर मला त्याची फार आठवण आली. कारण आमच्या ठरावाप्रमाणे तो पहिला लिफ्टमध्ये चढला असता.

मतदानाच्या दिवशी सकाळीच मी खुर्ची टाकली. ठरलं असं होतं की दुपारी जेवणानंतर जिग्नेशभाई मला सोडवायला येतील आणि मग मी मत द्यायला जाईन. केंद्र आमच्या मागच्या रस्त्यालाच. मी मुद्दाम नवा शर्ट घातला होता. सुमनने विचारलं, "आधी मत देऊन का येत नाही?" मी म्हटलं, "ड्युटी सोडून कसा जाऊ?" तिने चहाचा कप जरा आपटून ठेवला.

पहिलं बोट आलं ते लताबाईंचं. त्या इमारतीतल्या चार घरी कामं करतात आणि भांडी घासायला यायच्या आधी रांग लावून मत देऊन आल्या होत्या. रेघ झकास होती. मी म्हटलं, "जा, लिफ्ट घ्या."

वॉचमन पांडे चपापला. "सर, बाई लोग को लिफ्ट अलाउड नहीं है. सोसायटी का रूल है."

"शाई लागलीय त्यांच्या बोटाला."

"शाई मेंबर लोग के लिए है ना, सर."

लताबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मग आम्ही मत देऊन काय फायदा, सर? आम्हाला दिलं तरी जिना, नाय दिलं तरी जिना." मी उठून स्वतः लिफ्टचं दार उघडून धरलं. त्या दिवसात माझ्या अधिकाराचा तेवढा एकच उपयोग झाला, आणि त्याबद्दल नंतर कारखानिसांनी माझी कानउघाडणी केली. पांडेचं मत गावाकडे होतं. बारा तासांची पाळी असल्यामुळे दुसऱ्यांनी मत दिलं की नाही हे बघण्यात त्याचीही सुट्टी चालली होती.

दुपारपर्यंत बोटांची रीघ लागली. चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ घाईघाईत आले. "बघा सर, दिलं. कुणाला दिलं विचारू नका, मलाच माहीत नाही. डोळे मिटून एक बटण दाबलं. लिफ्ट द्या लवकर, मॅच सुरू झालीय." एका कॉलेजातल्या मुलीने सांगितलं की तिने ज्याच्या नावात सगळ्यात कमी अक्षरं होती त्याला दिलं. शाई अस्सल, मी काय बोलणार? लोणावळ्याहून परतलेलं एक जोडपं गॉगल घालूनच आलं. नवऱ्याच्या बोटावर रेघ होती, पण उजव्या हाताच्या. मी ओल्या रुमालाने पुसली तर निम्मी रुमालावर आली.

"आयब्रो पेन्सिल वापरलीस ना!" तो बायकोवर खेकसला. "मार्कर वापर सांगितलं होतं!"

दोघं बॅगा घेऊन आठ मजले चढली. कारखानीस अधूनमधून खाली येऊन विचारत, "किती झाले?" आकडा ऐकला की त्यांचा चेहरा उजळायचा. सिडनीला फोटो जात होते. गटाराला वास येत होता, पण आज तो कुणालाच येत नव्हता.

जेवणाची वेळ टळली. जिग्नेशभाईंचा फोन लागेना. कारखानिसांना म्हटलं तर ते म्हणाले, "येतील हो. आणि तुम्ही उठलात तर बोटं ओळखणार कोण?" हे ऐकून मी सुखावलो, हे कबूल करायला हवं. मग सुमन आली. बाहेरून, हातात भाजीची पिशवी. डावी मूठ पदरात.

लिफ्टपाशी पाचसहा जण उभे होते. मी घसा खाकरला.

"मतदान झालं?"

"झालं."

"दाखव मग."

"नाही दाखवणार. सभेत सांगितलं होतं."

"अगं सुमन, लोक बघतायत. एक क्षण नुसतं..."

"म्हणूनच नाही."

"गुडघे बघ तुझे. सहा मजले आहेत."

"मोजलेत मी," ती म्हणाली आणि जिन्याकडे वळली. तिच्या चपलांचा आवाज वर जाताना ऐकू येत होता. दोन पायऱ्या, थांबणं, दोन पायऱ्या. कुणीतरी म्हणालं, "सर एकदम कडक हां! घरच्यांना पण सोडलं नाही." मला शाबासकी मिळाली होती आणि ती मला नको होती. पिशवी तरी घ्यायला उठायला हवं होतं. पण मी आयुष्यभर असाच बसलो आहे. शाईवाल्याने जागा सोडायची नसते, बाटली कलंडते.

त्यानंतर मी बोटं बघितली की नाही मला आठवत नाही. घड्याळात सहा वाजले आणि माझे पाय आपोआप उठले. मी पॅसेजमधून गेटपर्यंत भराभर चालत गेलो, रांगेचं शेपूट शोधायला. खिशात हात घातला, चिठ्ठ्यांसाठी. खिशात रुमाल होता, आयब्रो पेन्सिल लागलेला. गेटबाहेर रांग नव्हती, गटार होतं. पांडेने विचारलं, "क्या हुआ, सर? किसको ढूँढ रहे हो?"

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. केंद्र बंद झालं होतं. माझं मत राहिलं होतं. रांगेतली माणसं आत घेण्यात मी जन्म घालवला आणि स्वतः रांगेत उभा राहायचं विसरलो. विसरलो असंही नाही. मला वाटत होतं मी मतदानच करतोय. टेबलामागे बसणं म्हणजेच माझ्यासाठी मतदान होतं, इतकी वर्षं.

कारखानीस फोनवर बोलत आले. "रेकॉर्ड, तळेकर! लोणावळेवाले आणि वहिनी सोडल्या तर सगळी बिल्डिंग. तुमचं कसं काय, झालं ना?"

मी डावं बोट पुढे केलं. ते क्षणभर गोंधळले, मग जोरात हसले. "अहो, तुम्ही आमचे इन्स्पेक्टर! तुम्हाला कसला नियम? चला, बसा लिफ्टमध्ये."

"नको," मी म्हटलं. ते काहीतरी म्हणत होते, सिडनीत स्टाफला कशी सवलत असते वगैरे. मी जिना चढायला लागलो.

तिसऱ्या मजल्यावर मी दम खात टेकलो होतो, तर वरून सुमन येताना दिसली. एका हाताने कठडा धरलेला, दुसऱ्या हातात थर्मास. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं हे तिच्या लक्षात होतं. तिने आधी माझा चेहरा बघितला, मग डावा हात.

"तुम्ही गेलाच नाहीत?"

मी मान हलवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. या वयात, जिन्यावर, एका बोटासाठी. ती माझ्या शेजारी पायरीवर बसली, थर्मास बाजूला ठेवला आणि मूठ उघडली. रेघ होती. नखाच्या मधूनच सुरू झालेली, पेरापाशी फाटलेली, नवशिक्याच्या हाताची. पण होती.

"घाईत लावलीय," मी म्हटलं.

"मी सांगितलं त्या मुलाला, माझ्या मिस्टरांची रेघ बघायला हवी होतीस. तुमची रेघ मी तरी कुठे बघितली म्हणा. तुमची ड्युटी कायम दुसऱ्या केंद्रावर."

"मग खाली दाखवायला काय हरकत होती गं?"

तिने थर्मासच्या झाकणात चहा ओतला. मग म्हणाली, "आमच्या चाळीच्या तोंडावर वस्तीतल्या दादाची पोरं उभी असायची, मतदानाच्या दिवशी. कोण जाऊन आलं, कोण नाही, बोटं बघायची. बाबा मिलमधून पाळी करून यायचे, मत द्यायचे आणि हात खिशात घालून त्यांच्यासमोरून चालत यायचे. एकदा मारही खाल्ला. पण हात काढला नाही. मला म्हणाले, मत द्यायचं, बाय, पण देऊन आलो म्हणून कुणाला हजेरी द्यायची नाही."

इतक्या वर्षांच्या संसारात हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं. निवडणुकीच्या दिवशी मी घरी असायचोच कुठे? मी तिचं ते बोट हातात घेतलं. पहिल्यांदाच. पुसायचं काही नव्हतं, तरी रुमाल काढला, आणि तिने तो माझ्या हातातून घेऊन बाजूला टाकला.

चहा पिऊन झाल्यावर ती कठड्याला धरून उठली.

"पुढच्या वेळी सकाळी सातच्या ठोक्याला तुम्हाला रांगेत उभं करणार आहे. बखोटीला धरून नेईन. मग बसा खुशाल कुठल्या खुर्चीवर बसायचं ते."

"ही सक्ती झाली," मी म्हणालो.

"हो, झाली," ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात ठेवून पुढची पायरी चढली.